'पित्ताची गोळी' : एका षष्ठी-प्रयोगाची चिकित्सा

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जाणारी वाट येथूनच फुटते. नाक्यावर आगरी आणि कुणबी शेतकरी, आसपासच्या पाड्यांवरील वारली व कातकरी, भिवंडीच्या माग-गोदामांतून येजा करणारे उत्तरेकडील कामगार आणि उन्हाळ्यांवर स्नानासाठी निघालेले यात्रेकरू अशी नाना भाषांची माणसे एकत्र येतात. अशा ठिकाणी औषधाच्या दुकानासमोर उभे असता कानी पडलेला एक संवाद प्रस्तुत टिपणास निमित्त झाला आहे.

एक प्रौढ गृहस्थ म्हणाले, "पित्ताची गोळी द्या हो एक." दुकानदाराने मान वर न करताच विचारले, "काका, उठलंय का झालंय?" गृहस्थ उत्तरले, "झालंय. सारखं घशाशी येतंय." दुकानदाराने एका डब्यातला हात काढून दुसऱ्या डब्यात घातला.

ह्या दुकानदाराने व्याकरणाचा अभ्यास केला असेल वा नसेल; परंतु त्याने विचारलेला प्रश्न शुद्ध व्याकरणाचा होता. ग्राहकाच्या नामप्रयोगातून जे क्रियापद गळून पडले होते, ते त्याने परत मागितले. आम्लता कमी करणाऱ्या, विनासायास मिळणाऱ्या औषधांची तुलना करताना ह्या गळून पडणाऱ्या क्रियापदाचा विचार प्रथम करावयास हवा, असे आमचे म्हणणे आहे. एरवी ही तुलना वैद्यकाची असते. येथे ती भाषेच्या अंगाने करावयाची आहे.

१

मराठीत 'पित्त' हे एक नाम आहे, पण त्याचे व्यवहार अनेक आहेत. पित्त 'होते' किंवा 'वाढते', तेव्हा छातीत जळजळ, आंबट वा करपट ढेकरा, मळमळ अशा तक्रारी अभिप्रेत असतात. पित्त 'उठते', तेव्हा अंगावर खाजणाऱ्या गांधी येतात. पित्त 'पडते', तेव्हा कडू, पिवळसर ओकारी होते. पित्त 'खवळते', तेव्हा बहुधा मनुष्य रागावलेला असतो व त्याला औषधाची गरज नसते. चारही ठिकाणी नाम तेच. अर्थाचा भार सर्वस्वी क्रियापदावर आहे.

शेजारच्या हिंदीने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे अंगावरील गांधींना 'पित्ती' म्हणतात. म्हणजे नामालाच प्रत्यय लावून अर्थभेद केला आहे. उर्दूत पोटाच्या तक्रारीसाठी 'तेज़ाबियत' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीने नाम एकच ठेवले व भेद क्रियापदाकडे सोपविला. जोवर वाक्य पूर्ण आहे, तोवर ह्या व्यवस्थेत काहीही उणे नाही. 'मला पित्त उठलंय' असे म्हणणाऱ्यास कोणी जळजळीचे औषध देणार नाही.

अडचण येते ती षष्ठी लावून औषधाला नाव देताना. 'पित्ताची गोळी' म्हणताच क्रियापद नाहीसे होते. मराठी षष्ठी ही संबंध सांगते, संबंधाचा प्रकार सांगत नाही. 'तापाची गोळी' ताप घालविते, 'झोपेची गोळी' झोप आणते आणि 'सोड्याची गोळी' सोड्याची बनलेली असते. घालविणे, आणणे आणि बनणे हे तीन भिन्न व्यापार एकाच प्रत्ययाखाली निमूटपणे नांदतात. ज्ञात वस्तूंच्या बाबतीत आपले व्यवहारज्ञान ही उणीव भरून काढते. औषधांच्या बाबतीत ते ज्ञान ग्राहकापाशी नसते, आणि म्हणून 'उठलंय का झालंय' हे विचारावे लागते.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. अंगावर गांधी उठविण्यात आणि जठरात आम्ल पाझरविण्यात हिस्टॅमीन ह्या एकाच द्रव्याचा हात असतो. मात्र गांधी शमविणाऱ्या जुन्या हिस्टॅमीनविरोधी औषधांनी जठरातील आम्ल कमी होत नसे. त्यावरून हिस्टॅमीनचे ग्राही दोन प्रकारचे असले पाहिजेत, हे जेम्स ब्लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली दाखवून दिले. त्यांच्याच संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले; १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. मराठीने गांधी आणि जळजळ ह्यांना एक नाम देऊन काही गूढ ज्ञान साठवून ठेवले होते, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढू नये. उलट, द्रव्य एक असले तरी ग्राही दोन आहेत व औषधेही दोन लागतात, हाच ह्यातला बोध आहे. नाम जुळले म्हणून उपाय जुळत नाही.

२

आता मूळ तुलनेकडे वळू. 'झालेल्या' पित्तासाठी दुकानात जे मिळते, त्याचे तीन गट पडतात. शेतावरचे उदाहरण घेतले तर ते चटकन ध्यानात येतील. वाफ्यात नको तितके पाणी साचले आहे. पहिला उपाय म्हणजे साचलेले पाणी काढून टाकणे. दुसरा म्हणजे मोटार चालू करण्यासाठी जाणारा निरोप वाटेत अडविणे. तिसरा म्हणजे मोटारच बंद पाडणे.

पहिल्या गटात खाण्याचा सोडा व त्याची फसफसणारी चूर्णे, तसेच जेल्युसिल, डायजीन ह्यांसारखी ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमची संयुगे असलेली पातळ औषधे व गोळ्या येतात. ही जठरात आधीच पाझरलेले आम्ल मारतात. काम काही मिनिटांत सुरू होते, पण रिकाम्या पोटी ते अर्धा-पाऊण तासच टिकते. जेवणानंतर घेतल्यास दोन-तीन तास टिकू शकते. ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने शौचास पातळ होते. म्हणून दोघांची जोडी बांधण्याची रीत आहे. टेट्रासायक्लीन, लोहाच्या गोळ्या किंवा क्षयावरील आयसोनायझिड ह्यांच्याबरोबर ही औषधे घेतल्यास त्यांचे शोषण कमी होते. मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

दुसऱ्या गटात रॅनिटिडीन व फॅमोटिडीन. ही आम्ल मारीत नाहीत. हिस्टॅमीनचा निरोप अडवितात. परिणाम दिसण्यास तासभर लागतो, पण तो रात्रभर पुरू शकतो. रोज घेत गेल्यास काही दिवसांतच गुण ओसरू लागतो. ह्यांपैकी रॅनिटिडीनचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात एनडीएमए ही कर्कजनक ठरण्याची शक्यता असलेली अशुद्धी आढळल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. आणि भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीतून ते वगळण्यात आले.

तिसऱ्या गटात ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल इत्यादी. ही जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात. ओमेप्राझोल प्रथम १९८८ मध्ये युरोपात विक्रीस आले. जे पंप त्या वेळी चालू असतात तेच बंद होत असल्यामुळे ही गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी लागते, आणि पूर्ण गुण यावयास दोन-चार दिवस जातात. जळजळ सुरू झाल्यावर लगेच आराम पडावा म्हणून ती घेणे हे चुकीच्या वेळी योग्य वस्तू मागण्यासारखे होय. काही आठवडे घेऊन ती एकदम थांबविल्यास आम्ल काही काळ पूर्वीपेक्षा अधिक पाझरते. रुग्णाला वाटते की आजार उलटला, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मॅग्नेशियम व बी-१२ ह्यांची कमतरता आढळू शकते.

तेव्हा 'ह्यांतील चांगली कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. लग्नाच्या जेवणानंतर एखादे दिवशी जळजळले तर आम्ल मारणारे औषध पुरते. रात्रीच्या वेळी अधूनमधून त्रास होत असेल तर निरोप अडविणारे अधिक सोयीचे. आठवड्यातून अनेकदा छाती जळत असेल, किंवा जठरात व्रण असेल, तर पंप बंद करणाऱ्या गोळीस तोड नाही; पण ती वैद्याने ठरविलेल्या मुदतीपुरती घ्यावयाची. व्रणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. जंतूचा हा संबंध दाखविणारे वॉरन आणि मार्शल ह्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणाला केवळ आम्ल कमी करून भागत नाही. मूळ कारणाचा उपाय करावा लागतो.

मारणे, अडविणे, बंद करणे ही तीन क्रियापदे आणि त्यांना जोडलेले तीन काळ, हेच ह्या तुलनेचे सार आहे. 'ॲसिडिटीची गोळी' ह्या नावात ह्यांपैकी काहीही उरत नाही. तक्रारीचे क्रियापद 'पित्ताची' म्हणताना गळले होते. औषधाचे क्रियापद 'गोळी' म्हणताना गळले. आणखी एक तिसरे क्रियापदही गळते. आपण गोळी 'घेतो'. पण पहिल्या गटातील पुष्कळशा गोळ्या चावून खावयाच्या असतात, तर तिसऱ्या गटातील गोळ्यांवर जठरातील आम्लापासून रक्षण करणारे आवरण असल्यामुळे त्या अख्ख्या गिळावयाच्या असतात. चावावयाची गिळली तर गुण उशिरा येतो. गिळावयाची चावली तर औषध वाटेतच नासते. 'घेणे' हे क्रियापद दोन्ही चुकांना सारखाच आश्रय देते.

३

नामाने इतका घोळ होत असेल, तर वेष्टनावरील शास्त्रीय नाव तरी ग्राहकाच्या मदतीस येते काय? येथे दोन निराळ्या व्यवस्था एकमेकींशेजारी दिसतात.

पहिली आंतरराष्ट्रीय व्यवस्था. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ पासून औषधांच्या सामान्य नावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या असून, एका कुळातील औषधांस एक अंत्यपद देण्याची रीत पाळली आहे. '-टिडीन' हे निरोप अडविणाऱ्यांचे, '-प्राझोल' हे पंप बंद करणाऱ्यांचे. आपल्या तद्धित प्रत्ययांसारखीच ही योजना आहे: शब्द कधी ऐकला नसला तरी प्रत्ययावरून कूळ कळते. अपवाद येथेही आहेतच; 'एरिपिप्राझोल' हे मनोविकारावरील औषध असून त्याचा पोटाशी काही संबंध नाही. तथापि ही व्यवस्था मूलतः सुबोध आहे. दुर्दैवाने दुकानात ती ऐकू येत नाही. तेथे रॅनटॅक, ॲसिलॉक, ओमेझ, पॅन अशी व्यापारी नावे चालतात व त्यांत अंत्यपदच छाटले गेलेले असते. 'ॲसिलॉक' ऐकून आम्लाला कुलूप लागत असेल असे वाटते. वस्तुतः ते रॅनिटिडीन, म्हणजे निरोप अडविणारे औषध आहे. 'पॅन' आणि 'पॅन-डी' ह्यांतील शेवटचे अक्षर हा क्षुल्लक भेद नसून डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध आहे, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात ते सांभाळूनच द्यावे लागते. एका वर्णाने इतका अर्थ वाहावा अशी उदाहरणे आमच्या विद्यार्थ्यांना स्वनविचारातही क्वचितच सापडतील.

दुसरी व्यवस्था संस्कृत नावांची. ईनोच्या पाच ग्रॅमच्या पुडीवर शुद्ध स्वर्जिकाक्षार २.२९ ग्रॅम व निंबुकाम्ल २.१८ ग्रॅम अशी घटकांची नोंद असते. स्वर्जिकाक्षार म्हणजे येथे खाण्याचा सोडा. निंबुकाम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. मूळचे हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे चूर्ण. जेम्स क्रॉसली ईनो ह्या न्यूकॅसलच्या औषधविक्रेत्याचे नाव त्याला मिळाले. भारतात ते आयुर्वेदीय औषध म्हणून विकले जाते. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली परवाना लागत नाही. त्यामुळे ही पुडी पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत कोठेही टांगलेली आढळते. नावाने वस्तूचा वर्ग ठरतो आणि वर्गाने तिची जागा ठरते, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस माहीत नाही.

संस्कृत नावाला आमचा आक्षेप नाही. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ऊर्ध्वग व अधोग असा गतीवरून केलेला भेदही तेथे आहे. म्हणजे त्या ग्रंथकाराने क्रिया हरवू दिली नव्हती. आमचा आक्षेप एवढाच की, 'स्वर्जिकाक्षार' ह्या शब्दात 'सोडियम' दिसत नाही. २.२९ ग्रॅम सोड्यात सुमारे ०.६३ ग्रॅम सोडियम असते. प्रौढाने दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पेल्यात जातो. रक्तदाबाच्या रुग्णाला 'मीठ कमी करा' असे सांगितलेले असते. तो लोणचे सोडतो, पापड सोडतो आणि रात्री ही पुडी फसफसवून पितो. त्यातच मराठी पाठ्यपुस्तकांत 'क्षार' म्हणजे आम्ल व आम्लारी ह्यांच्या संयोगाने होणारे लवण, तर आयुर्वेदात व हिंदीत क्षार म्हणजे आम्लाचा प्रतिपक्षी. शाळेत शिकलेला अर्थ घेऊन वेष्टन वाचणाऱ्या मराठी मुलाची येथे फसगतच होणार. 'सज्जीखार' हा त्याच शब्दाचा लोकांच्या तोंडी रुळलेला अवतार, निदान तो छापला असता तरी गावातील एखादी म्हातारी म्हणाली असती, "अरे, हा तर सोडाच!"

ह्याच चूर्णाबद्दल आणखी एक समज तपासण्याजोगा आहे. पेला रिता केल्यावर मोठी ढेकर येते आणि 'गॅस निघाला' असे समाधान वाटते. ढेकर खरी असते, परंतु त्या ढेकरेतील वायू बहुतांशी त्या चूर्णानेच निर्माण केलेला असतो. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो आधी पेल्यात फसफसतो व मग पोटात. औषध स्वतःच आपला पुरावा तयार करते, आणि भाषा 'निघाला' असे म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करते.

४

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही निवड वैद्याने करावयाची आहे. ग्राहकाला क्रियापदे शिकवून काय साधणार? आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. १९४५ च्या नियमांतील परिशिष्ट 'एच'मध्ये ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल येतात. म्हणजे वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती विकावयाची नाहीत. उलट परिशिष्ट 'के'प्रमाणे साधी आम्लनाशके ही घरगुती औषधांत गणली असून, हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यांत ती बिनपरवाना विकण्याची मुभा आहे. कायद्याने पहिल्या आणि तिसऱ्या गटांत भिंत घातली आहे. पण व्यवहारात 'ॲसिडिटीची गोळी' ह्या एका नावाने ती भिंत रोज ओलांडली जाते. मागणारा एकच शब्द उच्चारतो. त्या शब्दात भिंतीच्या अलीकडचे व पलीकडचे असा भेदच नसतो. जेथे वैद्य वाटेत नसतो, तेथे उरतो तो केवळ शब्द. म्हणून शब्दाची काळजी.

दुसरा आक्षेप असा की, लोकांची भाषा लोकांनी घडविलेली असते; अध्यापकांनी तीत ढवळाढवळ करू नये. हेही आम्हांस मान्य आहे. नवे पारिभाषिक शब्द पाडण्याची आमची सूचना नाही. मराठीपाशी जे आहे तेच मोकळे करावे, इतकेच. वेष्टनावर ठळक मराठीत तीन ओळी छापता येतील: ही गोळी आम्ल मारते, लगेच, थोडा वेळ, ही आम्ल पाझरू देण्याचा निरोप अडविते, तासाभराने, रात्रभर, ही आम्लाचा पंप बंद करते, दोन-चार दिवसांनी, ठरलेल्या मुदतीपुरती. आणि चौथी ओळ: चावून खा, किंवा अख्खी गिळा. ह्यांत एकही शब्द असा नाही की जो अंबाडी नाक्यावर उभ्या असलेल्या मराठी माणसाला अडेल.

ही चर्चा निव्वळ शब्दांची आहे असे ज्यांना अजूनही वाटत असेल, त्यांच्यासाठी एक घरची हकिगत सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मामांनी एका रात्री जेवणानंतर म्हटले, "छाती धरल्यासारखी वाटते." घरातील कोणीतरी उत्तर दिले, "गॅस असेल." मामांनी फसफसणारे चूर्ण घेतले, ढेकर आली, सर्वांना बरे वाटले. दोन तासांनी त्यांनी दुसरी पुडी घेतली. पहाटे इस्पितळात नेले तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे कळले. मामा वाचले; पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या रात्री गेला, तो गेलाच. 'गॅस असेल' म्हणणारे प्रस्तुत लेखकच होते.

मामांनी क्रियापद अचूक वापरले होते. छाती 'जळते' आणि छाती 'धरते' ह्यांतील अंतर मराठीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छाती धरली, छातीवर दडपण आले, कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, घाम फुटला, तर ते आम्ल समजून पुडी फोडीत बसावयाचे नाही. तत्काळ इस्पितळ गाठावयाचे. तसेच घास अडकू लागला, वजन आपोआप उतरू लागले, शौचास काळे झाले किंवा ओकारीत रक्त दिसले, तर कोणत्याही गटातील गोळीने ते झाकून ठेवावयाचे नाही. आम्ही त्या रात्री मामांचे क्रियापद ऐकले नाही. त्याच्या जागी एक नाम ठेवून मोकळे झालो.

अंबाडीचा तो दुकानदार आमच्याहून चांगला श्रोता होता. नाम ऐकून त्याने हात आवरला आणि क्रियापद विचारले.